चेंडूने जायचं तरी कुठे?

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटला. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जिना, पॅसेज, पार्किंग तसेच सदनिकेच्या आत मुलांना चेंडूने खेळू देऊ नये. तक्रार आल्यास रु. ५०० दंड आकारण्यात येईल.’ खाली सचिवांची सही आणि शिक्का. जिना, पॅसेज, पार्किंग वाचताना काही वाटलं नाही. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत हे लिहिलेलं सापडतं. ‘सदनिकेच्या आत’पाशी मात्र मी अशी अडकले, की सहावा मजला आला तरी बाहेर पडायचं राहिलं.

ओरड झाली, म्हणून रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा भरली. पहिल्या वीस मिनिटांतच दोन तट पडले. एकीकडे ‘आमच्या लहानपणी’वाले: मुलांचं बालपण हिरावून घेऊ नका, आम्ही चाळीत काय काय खेळलो, आम्हाला कुणी कधी अडवलं नाही. दुसरीकडे ‘नियम म्हणजे नियम’वाले: घर हे घर आहे, मैदान नाही, खेळायचं तर बाहेर जा. दोघांनाही टाळ्या पडल्या, आणि बऱ्याचशा त्याच हातांच्या. कुठला चेंडू, किती वाजता, केवढं मूल, खालच्या मजल्यावर कोण राहतं, यातलं काहीही कुणी विचारलं नाही. चेंडू म्हणजे जणू एकच वस्तू! टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा असतो. टेनिसचा साधारण ५७ ग्रॅमचा, क्रिकेटचा कातडी चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास आणि बास्केटबॉल चांगला सहाशे ग्रॅमचा. हे चारही एका नोटिशीत घालायचे, तर चिमणी आणि म्हैस दोन्ही ‘पाळीव प्राणी’ म्हणून एकाच दंडात बसवायला हरकत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलांना घरात चेंडू खेळू द्यावा. बाहेर जागा नाही म्हणून नाइलाजाने द्यावा, असंही नाही. घर त्यांचंही आहे म्हणून द्यावा. आणि ‘बाहेर जाऊन खेळा’ हे सांगायचा हक्क ज्यांनी बाहेर थोडंफार शिल्लक ठेवलं असेल त्यांनाच आहे. आमच्या सोसायटीत तरी तसं कुणी मला आढळलेलं नाही, मी स्वतः धरून.

पण आधी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडते, कारण त्यांचा युक्तिवाद जास्त पोकळ आहे. ‘आमच्या लहानपणी कुणी अडवत नव्हतं’ हे धादांत खोटं आहे. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमची खोली एवढी लहान, की अंथरुणं घातली की चालायला जागा उरत नसे. म्हणून खेळ गॅलरीत. आमच्याच मजल्यावर एक आजोबा होते. चेंडू त्यांच्या दारात गेला की ते काही न बोलता तो उचलायचे, आत जायचे आणि विळीवर त्याचे दोन तुकडे करून गॅलरीत ठेवायचे. ओरडा नाही, शिवी नाही, फक्त दोन रबरी वाट्या. त्या आम्ही मुली भातुकलीला घ्यायचो. एकीत मीठ, एकीत मोहरी. मुलगे मग पुन्हा वर्गणी काढायचे. चाळीत मोकळीक नव्हती, भांडण होतं. पण ते भांडण समोरासमोरचं होतं. त्या आजोबांनी चेंडू कापले, पण ‘चाळीत चेंडू आणण्यास मनाई’ असा ठराव कुणी केला नाही, कारण दुसऱ्या दिवशी नवा चेंडू येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. आता विळी गेली आणि लेटरहेड आलं.

चेंडूवरच्या बंदीची जन्मकथा फार जुनी आहे आणि थोडी विनोदीही. १३१४ साली लंडनच्या महापौराने फर्मान काढलं, की मोठाले चेंडू घेऊन चाललेल्या धक्काबुक्कीने शहरात गोंगाट माजला आहे, तेव्हा हा खेळ बंद. १४२४ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल खेळणाऱ्याला दंड ठेवला. लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावतात ही राजाची चिंता होती. १४५७ मध्ये पुन्हा बंदी, या वेळी जोडीला गोल्फही. १४७१ मध्ये पुन्हा. १४९१ मध्ये पुन्हा. एकच बंदी चार-चार वेळा घालावी लागते, याचा अर्थ काय होतो? खेळ बंद होत नव्हता. होत होती ती फक्त बंदी, दर पिढीला नव्याने. तिकडच्या सरकारी वसाहतींच्या भिंतींवर ‘चेंडूचे खेळ खेळू नयेत’ अशा पाट्या अजूनही दिसतात.

माणसाला जिथे कोंडाल तिथे तो भिंतीशी चेंडू खेळतो, हे तर तुरुंगातही दिसून आलं आहे. अठराव्या शतकात लंडनच्या फ्लीट तुरुंगात कर्ज न फेडलेले कैदी आवाराच्या भिंतीवर चेंडू मारत बसत. त्यातून रॅकेट्स हा खेळ वाढला आणि पुढे हॅरोच्या शाळेत त्याच्यातूनच स्क्वॉश निघाला. आज तोच स्क्वॉश खेळायला क्लबची वर्गणी भरावी लागते. आमच्याकडचं बघायचं तर तुकोबांच्या गाथेत चेंडूफळीवर अभंग आहेत, विटीदांडूवर आहेत, हुतुतूवर आहेत. आणि कालियामर्दनाची आपल्याकडे सांगतात ती गोष्ट सुरू कुठून होते? चेंडू यमुनेच्या डोहात गेला तिथून. चेंडू नको तिथे जाणारच, हे गृहीत धरूनच आपल्या आजीने ती गोष्ट आपल्याला सांगितली.

आता ‘बाहेर’ या शब्दाकडे वळते. सभेत तो इतक्यांदा उच्चारला गेला, की मी मोजायचं सोडून दिलं. हे बाहेर नेमकं कुठे आहे? मुंबईने एकेकाळी ते खरोखर आखलं होतं. दादर-माटुंग्याची वस्ती वसवताना मध्ये एवढं मोठं मैदान मोकळं सोडलं गेलं. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ मध्ये त्याचं शिवाजी पार्क झालं. आधी मैदान, मग भोवती घरं, असा तो हिशोब होता. आमच्या सोसायटीचा हिशोब उलटा आहे. इमारत झाली तेव्हा खाली पार्किंगमध्ये निम्मी जागा रिकामी असायची, मुलं तिथे अंडरआर्म खेळायची. मग घरटी दुसरी गाडी आली. मागच्या पट्टीत हिरवळ केली आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावली. जिच्यावर चालायचं नाही त्या हिरवळीला पाणी मात्र टँकरचं. गच्चीला कुलूप, कारण आता तिथे सोलर आहे. आमच्या दोन गाड्यांपैकी एक बरोबर त्या जागी उभी असते, जिथे पूर्वी स्टंप म्हणून विटा रचलेल्या असायच्या. रस्त्यापलीकडचं महापालिकेचं मैदान वर्षातले कितीतरी दिवस कुणाच्या ना कुणाच्या मांडवाखाली असतं. शाळेला क्रीडांगण हवं, असं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलं आहे. पण शाळा सुटल्यावर त्या क्रीडांगणाचं फाटक बंद होतं. एवढं सगळं बंद करून झाल्यावर आपण मुलांना सांगतो, घरात काय खेळता, बाहेर जा.

आणि पाऊस? मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग ‘बाहेर’ पाण्याखाली असतं. नोटीस जूनमध्ये निघाली हा योगायोग नव्हे. मुलं जूनमध्येच घरात येतात, तक्रारीही तेव्हाच येतात.

मुलींचा प्रश्न तर सभेत निघालाच नाही. खाली खेळणारी मुलं कोण असतात ते एकदा गॅलरीतून मोजून पाहा. सात-आठ वर्षांपर्यंत मुली दिसतात. अकरा-बाराव्या वर्षी त्या हळूहळू गळतात. कुणी ‘जाऊ नको’ म्हणत नाही, फक्त सातच्या आत घरात, मोठ्या मुलांबरोबर नको, कपडे बदलून जा, एवढंच. ज्या वयात भाऊ बॅट घेऊन दुसऱ्या गल्लीत जायला लागतो, त्याच वयात बहिणीचं ‘बाहेर’ दारापाशी संपतं. तिच्या वाट्याला जो काही चेंडू उरतो तो हॉलमधलाच. तो बंद केला, की तिचा खेळच बंद.

तरीही विरोधकांचं जे खरं आहे ते खरं आहे, आणि त्यातलं सर्वांत खरं म्हणजे खालच्या मजल्याचं दुखणं. आमच्या खाली पाचव्यावर एक काका-काकू राहतात. काकांची बायपास झाली आहे, दुपारी झोप हवी असते. नोटिशीमागची तक्रार त्यांचीच होती, असं मला नंतर कळलं. मी चिडून न बसता एक दिवस दुपारी अडीचला त्यांच्याकडे जाऊन बसले आणि मुलीला वर खेळायला सांगितलं. आधी टेनिसचा चेंडू. टप्. मग काही नाही. मग टप्. मग टप्-टप्. तेव्हा कळलं, की त्रास आवाजाचा नसून पुढच्या आवाजाची वाट बघण्याचा आहे. लयीत वाजणाऱ्या मिक्सरकडे कान दुर्लक्ष करतात. याच्याकडे करू शकत नाहीत. मग तिने भाच्याचा बास्केटबॉल आणला. तो पहिल्यांदा आपटला तेव्हा काकूंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही बोलायची गरजच पडली नाही.

याचं कारण साधं आहे. बोलण्याचा किंवा गाण्याचा आवाज हवेतून येतो, तो दारं-खिडक्या लावून अडतो. आपटण्याचा आवाज स्लॅबमधून येतो. पाच-सहा इंचांचा स्लॅब आणि त्यावर थेट चिकटवलेली चकचकीत टाइल, मध्ये मऊ असं काहीच नाही. हल्ली तर अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात, म्हणजे सगळी इमारत एकाच ढोलासारखी. बिल्डरने जे वाचवलं ते आता शेजाऱ्यांच्या नात्यातून वसूल होतं आहे. भांडण मुलांशी चाललं आहे, पण ज्याच्याशी व्हायला हवं होतं तो ताबा देऊन केव्हाच निघून गेला.

तिसरा चेंडू मी घरी केलेला होता. जुने तीन-चार मोजे एकात एक गुंडाळायचे, वरून एक लांब मोजा चढवायचा, तोंडाला पीळ देऊन तोच पुन्हा उलटा घ्यायचा, मग सुई-दोऱ्याने शिवायचं. मुठीपेक्षा थोडा मोठा होतो. उडी फारशी घेत नाही, पण झेल मस्त बसतो आणि बॅटवर आला की ‘थप’ असा ओला आवाज येतो. तो वर सुरू झाला तेव्हा खाली फक्त मुलांच्या पायांची धावपळ ऐकू आली, तीही कान दिल्यावर. काका म्हणाले, “हे चालेल की. पण मला एक सांगा, रात्री साडेदहाला वर खुर्ची कोण ओढतं?” ती मीच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सहाही खुर्च्यांना रबरी बुशं बसवली. त्या खुर्चीसाठी कधी नोटीस लागली नव्हती, कारण खुर्ची ओढणारी सभासद असते आणि चेंडू टाकणारी नसते.

तेव्हा आवाजाबद्दल माझी कबुली पूर्ण आहे: फरशीवर बास्केटबॉल नको, दुपारी कुठलाच टणक चेंडू नको, रात्री नऊनंतर काहीच नको. पण ही कबुली चेंडूच्या जातीबद्दल आणि वेळेबद्दल आहे. खेळाच्या हक्काबद्दल नाही. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी वेगळी मर्यादा आहे. वेळ बघून मोजायचं, हे तत्त्व कायद्यालाही मान्य आहे. जर्मनीसारख्या शांततेच्या भोक्त्या देशाने २०११ मध्ये कायदा बदलून पाळणाघरं, बालउद्यानं, चेंडू खेळायच्या जागा इथून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही, असं ठरवलं. टोकियोने २०१५ मध्ये लहान मुलांचे आवाज आपल्या ध्वनिनियमांच्या कक्षेबाहेर काढले. हे दोन्ही नियम फ्लॅटच्या हॉलला लागू नाहीत, हे मला माहीत आहे. कुणी ते तोंडावर फेकू नये. पण मुलाचा आवाज आणि यंत्राचा आवाज एकाच मापाने मोजू नये, एवढं तरी त्यातून घेता येतं. आपल्याला ते नवं नाही. श्रावणात मंगळागौर असते तेव्हा याच स्लॅबवर पंधरा-वीस बायका मध्यरात्रीपर्यंत झिम्मा खेळतात, पिंगा घालतात, कोंबडा करतात. खालच्या मजल्याला आधी सांगितलेलं असतं, बहुतेक वेळा खालची काकूच वर नाचत असते. तिथे कुणी डेसिबल मोजत नाही.

दुसरा आक्षेप पडण्या-फुटण्याचा. काच फुटण्याचं मला फारसं वाटत नाही, काच मिळते. आजीच्या पायाखाली आलेला चेंडू ही मात्र गंमत नव्हे. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. आणि त्याहून भयंकर म्हणजे गॅलरीतून चेंडू खाली गेला म्हणून कठड्यावर ओणवणारं पोर. ज्या गॅलरीला नीट ग्रिल नाही तिथे चेंडू नाही, यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही. ‘मुलं आहेत, खेळणारच’ म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पण धोका आहे म्हणून बंदी, ही उडी फार लवकर मारली जाते. घरात चेंडू कसा खेळता येईल याचा नीट विचार केलेला एक माणूस होऊन गेला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात अठरा जणांचा एक वांड वर्ग पडला. बाहेर बर्फ, आत कंटाळा. आधी त्याने बाहेरचेच खेळ आत आणून पाहिले, आणि हातपाय दुखावून घेण्यापलीकडे काही झालं नाही. मग तो विचाराला बसला. माणसं आदळतात कशामुळे? चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायला धावतात म्हणून. तर चेंडू घेऊन पळायचंच नाही. चेंडू जोरात का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तर गोल आडवा करून डोक्याच्या वर नेऊन ठेवायचा. मग जोर कामाचा नाही, हलका हात कामाचा. रखवालदाराकडून पीच फळांच्या दोन टोपल्या मिळाल्या, त्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या. तेरा नियम टंकून भिंतीवर लावले. हा बास्केटबॉल. नोटीस भिंतीवर त्यानेही लावली होती. फरक एवढाच, की तिच्यात कसं खेळायचं ते लिहिलं होतं.

तीच बुद्धी मुलांना न शिकवता येते. माझी मुलगी आणि शेजारचा मुलगा आमच्या हॉलमध्ये जे खेळतात त्याचे नियम मी एकदा लिहून घेतले. बसूनच बॅटिंग. सोफ्याला लागला तर दोन धावा, पडद्याला चार. टीव्हीच्या दिशेने हवेत गेला तर बाद, आणि वर पाच धावा वजा. देवघराकडे मारायचंच नाही. कपाटाखाली गेला तर ज्याने मारला त्याने केरसुणीने काढायचा. आणि सर्वांत खास: आजी खुर्चीतून उठल्या की ‘डेड बॉल’, त्या पुन्हा बसेपर्यंत चेंडू हातात धरायचा. हा शेवटचा नियम मी घातलेला नाही, माझ्या सासूबाईंनीही नाही. दोन नऊ वर्षांच्या मुलांनी तो केला, कारण खेळ चालू राहायला हवा होता. ज्याँ पियाजे हे मानसशास्त्रज्ञ मुलांजवळ बसून गोट्यांचे नियम विचारत असत. मुलांना नीती कशी कळत जाते ते त्यांना त्या नियमांतून बघायचं होतं. घरात खेळलं की शिस्त बिघडते म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, मोकळ्या मैदानात कुठल्या मुलाला आजीच्या पायांचा असा विचार करावा लागतो?

गावसकरांचं उदाहरण सभेत आलंच. ते येणारच होतं. पण ‘घरात खेळू दिलं की गावसकर होतो’ हा युक्तिवाद मी करणार नाही. लाखो पोरं घरात खेळली आणि बँकेत लागली, त्यांचंही काही वाईट झालं नाही. मला त्या गोष्टीतली आई महत्त्वाची वाटते. मुंबईच्या घरातल्या त्या चिंचोळ्या जागेत मीनल गावसकर लहानग्या सुनीलला टेनिसचा चेंडू टाकत असत. एकदा त्याने मारलेला फटका सरळ त्यांच्या नाकावर बसला, रक्त आलं. त्यांनी तोंड धुतलं आणि पुन्हा चेंडू टाकायला आल्या. दर वेळी फक्त मुलगा सांगितला जातो. पण स्वयंपाक, धुणं सोडून एक मोठं माणूस चेंडू टाकत होतं, हे आजच्या किती घरांत होतं?

‘बाहेरच खेळायला हवं’ हा आक्षेप वैद्यकीय अंगाने येतो तेव्हा मात्र मी नमते. मुलांच्या डोळ्यांना दिवसाचा उजेड लागतो. चष्मे फार वाढले तेव्हा तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांनी दिवसाला १२० मिनिटं उघड्यावर काढावीत, असा कार्यक्रमच हाती घेतला. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. हॉलमधला मोज्याचा चेंडू उजेड देत नाही, आणि तासभर दमवतही नाही. कबूल. पण घरातला चेंडू मैदानाच्या जागी येत नाही. तो येतो मोबाइलच्या जागी. आमच्या नोटिशीमुळे एकही मूल मैदानावर गेलं नाही. ती मुलं आता सोफ्यावर आहेत, मान खाली घालून, आणि सोसायटीला ती फार आवडतात. शांत मूल कुणाची तक्रार होत नाही, कुणाचा दंड होत नाही. डोळ्यांची काळजी करणाऱ्यांनी त्या सोफ्याकडे बघून पुन्हा बोलावं.

आणि २०२० आपण इतक्या लवकर विसरलो का? त्या मार्चमध्ये दारं बंद झाली तेव्हा याच इमारतीत, याच टाइलवर, प्रत्येक मजल्यावर चेंडू आपटत होता. आता ‘नियम म्हणजे नियम’ म्हणणारे एक गृहस्थ तेव्हा स्वतः लाटण्याने बॅटिंग करतानाचे व्हिडिओ पाठवत होते. शाळा बंद, मैदानं बंद, आणि खालच्या मजल्यावर तेव्हाही माणसं राहतच होती. तेव्हा सहन झालं, कारण मोठेही घरात कोंडले होते आणि कोंडलेल्या माणसाला चेंडू का लागतो ते आतून कळत होतं. मोठ्यांची सुटका झाली. मुलांची पुरती झालेली नाही.

खोलात गेलं तर भांडण हॉलचं आहे. फ्लॅटमधली सर्वांत मोठी खोली आपण कुणासाठी मांडतो? महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी. काचेचं टीपॉय, काचेचं शोकेस, त्यात कुणी तरी दिलेले मोर. रोज तिथे राहणाऱ्या मुलाने मात्र अंग चोरून वागायचं. मुलांना खेळायचा हक्क आहे असं म्हणणाऱ्या १९८९ च्या बालहक्क करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. एकतिसावं कलम त्याचंच आहे. सरकारने मान्य केलं, टीपॉयने केलं नाही. आमचं टीपॉय आम्ही माळ्यावर टाकलं. हॉल रिकामा, थोडा भुंडा दिसतो. बहीण आली तेव्हा चहाचा कप कुठे ठेवायचा म्हणून ती दोन मिनिटं तो हातात घेऊन बसली होती.

सभेत मी एवढंच मागितलं: ‘सदनिकेच्या आत’ हे शब्द काढा, दुपारी दोन ते पाच घरात टणक चेंडू नको आणि रात्री नऊनंतर मऊसुद्धा नको, हे घाला, आणि पार्किंगमधल्या पाहुण्यांच्या दोन राखीव जागा रोज संध्याकाळी पाच ते सात मुलांना द्या. पहिल्या दोनला कुणाची हरकत नव्हती. पाचव्या मजल्यावरचे काका तर उठून ‘मला मान्य आहे’ म्हणाले. तिसऱ्यावर मात्र गदारोळ झाला. पाहुणे आले तर गाडी कुठे लावायची, आज दोन जागा दिल्या तर उद्या चार मागतील, गाडीवर चरा पडला तर भरून कोण देणार. पाऊण तास त्यावर गेला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गणसंख्याच पुरी नाही.

अध्यक्षांनी तिन्ही मुद्दे सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरवलं. तोवर नोटीस आहे तशीच लागू राहील. म्हणजे पाऊस थांबेपर्यंत.